रबराची रिंग आणि रिचर्ड फाइनमन

मित्रांनो, रिचर्ड फाइनमन हे नाव आपल्याला अगदीच अनोळखी नाही. फिजिक्सच्या सरांनी ते एकदा तरी घेतलेलं असतं. लायब्ररीत त्यांच्या लेक्चर्सचे जाड खंड असतात (आणि ते बहुधा कोणीच इश्यू केलेले नसतात!). नोबेल पारितोषिक, अणुबॉम्ब, तिजोऱ्या उघडण्याचा नाद, बोंगो वाजवणं... त्यांच्या गोष्टी इतक्या आहेत की हा एकच माणूस होता की चार, असा प्रश्न पडावा. मला मात्र ते वेगळ्याच वाटेने भेटले. ओ-रिंगच्या वाटेने.

ओ-रिंग म्हणजे काय हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रबराची साधी गोल कडी. बांगडीसारखी, पण आतून भरीव. दोन धातूचे भाग जिथे जुळतात तिथे एका भागात खाच पाडतात, तिच्यात ही कडी बसवतात आणि दुसरा भाग तिच्यावर दाबून बसतो. झालं सील! वॉटर फिल्टरमध्ये, हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये, विमानाच्या चाकांच्या यंत्रणेत, सगळीकडे ती असते. नील्स क्रिस्टेनसेन नावाच्या, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या एका गृहस्थांनी सत्तरी उलटल्यावर तिचं अमेरिकन पेटंट मिळवलं, १९३९ मध्ये. किंमत म्हणाल तर काही रुपये. आपलं लक्ष तिच्याकडे कधी जातं? गळायला लागली की!

माझा मावसभाऊ अमेरिकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या लोकांबरोबर हौशी रॉकेट उडवतो. रॉकेटची मोटर जोडताना त्याचा सगळ्यात जास्त वेळ या रिंगांवर जातो. एवढं काय आहे त्यात, असं मी विचारलं तर दादाने उत्तर दिलंच नाही. आधी फाइनमनबद्दल वाच, मग बोलू, एवढंच म्हणाला. मी वाचलं. त्यातून हा लेख झाला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी जशी बोलते तशीच लिहिते आहे. सांभाळून घ्या.

रिचर्डचा जन्म ११ मे १९१८ चा. न्यूयॉर्क शहराच्या टोकाला, समुद्राकाठी फार रॉकअवे नावाची वस्ती आहे, तिथे तो वाढला. वडील मेलव्हिल युनिफॉर्मच्या धंद्यात सेल्सचं काम करत. ते सायंटिस्ट नव्हते, पण मुलाला बघायला शिकवणारे होते. पक्ष्याचं नाव दहा भाषांत पाठ केलं तरी पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही, त्यापेक्षा तो काय करतोय ते बघ, अशी त्यांची शिकवण. हे वाक्य आपल्या व्हायवाच्या खोलीबाहेर लावायला हवं असं मला फार वाटतं.

घरात रिचर्डने एक छोटी लॅब मांडली होती. मंदीचे दिवस होते, लोकांना रिपेअरवाला परवडत नसे, म्हणून शेजारपाजारचे रेडिओ दुरुस्तीला या पोराकडे यायचे. एक रेडिओ चालू केला की आधी भयंकर खरखर करायचा आणि तापला की गप्प व्हायचा. रिचर्ड रेडिओला हात न लावता नुसता खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. मालक वैतागला. पण रिचर्डच्या डोक्यात चाललं होतं की आवाज गरम होईपर्यंतच का येतो? बहुतेक व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने तापत असतील. त्याने व्हॉल्व्हचा क्रम उलटा केला आणि रेडिओ शांतपणे सुरू झाला. तापमान बदललं की वस्तूचं वागणं बदलतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे एमआयटी. तिथे रिचर्ड आधी मॅथ्सला, मग चक्क इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आणि शेवटी फिजिक्सला गेला. म्हणजे काही काळ का होईना, माणूस आपल्यातलाच! १९३९ मध्ये डिग्री घेऊन प्रिन्स्टनला गेला आणि १९४२ मध्ये पीएचडी झाला. मधल्या एका उन्हाळ्यात त्याने फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये तोफांच्या नेमबाजीसाठीच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर काम केलं. गिअर कसे निवडायचे, तर तिथल्या जाणत्या माणसाने युक्ती सांगितली: कॅटलॉगच्या यादीतले मधले घे. फार कमी दातांचे अडकतात, फार बारीक दातांचे तुटतात. या शहाणपणाला कुठलंही डेरिव्हेशन नाही. ते शॉप फ्लोअरवरच मिळतं.

इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करते, कारण आता ते लॉस अलामॉसला पोहोचतात. अणुबॉम्बचं काम चालू होतं आणि विशीतले फाइनमन तिथे गणनेच्या एका गटाचे प्रमुख होते. त्या काळातली ओक रिजची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओक रिजच्या कारखान्यात युरेनियम वेगळं केलं जायचं, पण ते कशासाठी हे गुप्ततेमुळे तिथल्या कामगारांना ठाऊक नव्हतं. साहजिकच एका जागी किती साठवलं तर धोका, हेही ठाऊक नव्हतं. फाइनमनना तिथे पाठवलं गेलं. त्यांची भूमिका स्पष्ट होती: काम करणाऱ्याला धोक्याचं कारण सांगितल्याशिवाय तो सुरक्षित काम करूच शकत नाही. शेवटी माहिती दिली गेली आणि कारखान्याची मांडणी बदलली.

तिथेच त्यांच्यापुढे नव्या प्लँटच्या ड्रॉइंगची चळत ठेवली गेली. त्यांना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. एक चौकोनात फुली असलेलं चिन्ह सगळीकडे दिसत होतं. तो व्हॉल्व्ह की खिडकी, कळेना. मग त्यांनी एका चिन्हावर बोट ठेवून विचारलं, हा व्हॉल्व्ह अडकला तर काय होईल? खिडकी असेल तर कोणीतरी सांगेलच! समोरचे इंजिनिअर ड्रॉइंगवर वाकले, पाइपच्या रेघा धरत पुढे गेले, मागे आले... आणि सापडली की खरीच चूक! नशीब म्हणा. पण प्रश्न मात्र बरोबर होता. हा भाग फेल झाला तर काय, हे एकेका भागाला विचारायचं.

याच काळात त्यांची पत्नी आर्लिन टीबीने आजारी होती. १९४२ मध्ये लग्न केलं तेव्हाच दोघांना आजार माहीत होता. जून १९४५ मध्ये आल्बुकर्कच्या हॉस्पिटलमध्ये ती गेली. तिच्या उशाशी असलेलं घड्याळ तिच्या मृत्यूच्या वेळेलाच थांबलेलं होतं. कोणीही यात दैवी खूण शोधली असती. फाइनमन इतक्या दुःखातही आठवत राहिले की घड्याळ जुनं, नाजूक होतं, ते स्वतः बऱ्याचदा दुरुस्त करत. नर्सने वेळ नोंदवायला मंद उजेडात ते उचलून बघितलं असणार, आणि ते थांबलं असणार. हे वाचताना मला आधी ते कोरडे वाटले. नंतर वाटलं, हा माणूस स्वतःलासुद्धा फसवू देत नाही. सोपं नाही ते.

युद्धानंतर कॉर्नेल, मग कॅलटेक. क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सवरच्या कामासाठी १९६५ चं नोबेल, श्विंगर आणि तोमोनागा यांच्याबरोबर. ते फिजिक्स समजावण्याची माझी ताकद नाही, त्यामुळे पुढे जाऊ. १९५१-५२ मध्ये ते ब्राझीलला शिकवायला गेले होते, ते मात्र सांगितलंच पाहिजे. तिथल्या मुलांना पोलराइज्ड लाइटची व्याख्या घडाघडा पाठ होती, पण खिडकीबाहेरच्या समुद्रावरून परावर्तित होणारा उजेड पोलराइज्ड असतो, हे त्यांना सुचत नव्हतं. जाताना फाइनमननी भर सभेत सांगून टाकलं की इथे सायन्स शिकवलंच जात नाही. मित्रांनो, आपल्या लोकल ऑथरची पुस्तकं आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची झेरॉक्स आठवून मला जरा घाम फुटला.

आता येते ती रबराची रिंग.

२८ जानेवारी १९८६. फ्लोरिडातून चॅलेंजर हे स्पेस शटल उडालं आणि ७३ सेकंदांत आकाशात त्याचे तुकडे झाले. सातही जण गेले. त्यात ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाची एक शाळेतली शिक्षिका होती. चौकशीसाठी कमिशन नेमलं गेलं. तेव्हाचे नासाचे हंगामी प्रमुख विल्यम ग्रॅहम यांनी एके काळी फाइनमनची व्याख्यानं ऐकली होती. त्यांनी फोन केला. फाइनमनना कॅन्सर होता, ऑपरेशनं झाली होती, वॉशिंग्टनच्या कारभारात पडायची अजिबात इच्छा नव्हती. पत्नी ग्वेनेथने समजावलं की बाकी सगळे घोळक्याने एकाच ठिकाणी जातील, तुम्ही मात्र एकटे सगळीकडे फिरून कोपरे धुंडाळाल. ते तयार झाले.

शटलच्या दोन्ही बाजूंना जे पांढरे उंच बूस्टर असत, त्यात घन इंधन भरलेलं असे. बूस्टर एवढा मोठा की एकसंध नेता येत नसे. युटामध्ये तुकडे भरायचे, रेल्वेने फ्लोरिडाला न्यायचे आणि तिथे एकावर एक जोडायचे. खालच्या तुकड्याच्या वरच्या कडेला यू-आकाराची खाच, वरच्या तुकड्याची जीभ तिच्यात बसायची आणि गोलाकार १७७ पिना ठोकायच्या. गॅस बाहेर येऊ नये म्हणून दोन ओ-रिंग. बूस्टरचा व्यास साधारण ३.७ मीटर आणि रिंगची जाडी फक्त ७ मिलिमीटरच्या आसपास! आगीची झळ थेट रिंगला लागू नये म्हणून आतल्या बाजूला झिंक क्रोमेटची पुट्टी.

ओ-रिंगचं काम कसं चालतं ते इथे नीट समजून घेऊ. बसवताना ती थोडी दाबली जाते, त्यामुळे ती दोन्ही भिंतींना चिकटून राहते. आतून प्रेशर आलं की ते रिंगला खाचेच्या दुसऱ्या कडेला ढकलतं आणि फट आणखी घट्ट बंद होते. म्हणजे ज्याला अडवायचं त्याचाच जोर वापरून ती अडवते. पण एक अट आहे. रिंगला भिंत सोडायची नाही. बूस्टर पेटला की आतल्या प्रेशरने त्याचं कवच फुगायचं, जोड किंचित वाकायचा आणि फट मोठी व्हायची, तीही सेकंदाच्या एका अंशात. तेवढ्या वेळात दाबलेल्या रिंगने उसळून फटीच्या मागे धावायला हवं. रबर थंडीने कडक झालं असेल तर ते धावत नाही. त्या सकाळी लाँच पॅडवर साधारण २ अंश सेल्सिअस होतं. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण साधारण १२ अंशांना झालेलं होतं.

हे कोणाला माहीत नव्हतं का? माहीत होतं! बूस्टर बनवणाऱ्या थायकॉल कंपनीतले इंजिनिअर रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच मेमो लिहून अपघाताचा इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री टेलिफोनवरच्या मीटिंगमध्ये इंजिनिअर उडवू नका असं सांगत होते. नासाकडून दबाव आला, कंपनीच्या मॅनेजमेंटने आपलं मत फिरवलं आणि परवानगी दिली.

कमिशनमधले जनरल कुटिना यांनी फाइनमनना एक सूचक प्रश्न टाकला. ते आपल्या गाडीच्या कार्ब्युरेटरवर काम करत होते, त्यावरून विचारलं की थंडीचा रबरावर काय परिणाम होत असेल? ही माहिती त्यांच्यापर्यंत कमिशनमधल्याच अंतराळवीर सॅली राइड यांनी पोहोचवली होती, हे त्या २०१२ मध्ये वारल्यानंतरच उघड झालं. फाइनमनना धागा मिळाला. पण कमिशनमध्ये विचारलं की साहेब लोक स्लाइड दाखवायचे, आकडे आणून देतो म्हणायचे, आणि आकडे यायचे ते भलत्याच प्रश्नाचे.

मग ११ फेब्रुवारीच्या सकाळी, बर्फ पडलेलं असताना, फाइनमन टॅक्सी करून हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पकड, स्क्रू ड्रायव्हर, छोटा सी-क्लॅम्प असं सामान घेऊन आले. बूस्टरच्या जोडाचं एक मॉडेल होतं, त्यात खऱ्या रबराचे तुकडे होते. ते काढून त्यांनी आधी खासगीत प्रयोग करून पाहिला. मग मीटिंगमध्ये बर्फाचं पाणी मागवलं, तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून ग्लासात बुडवला आणि थोड्या वेळाने सगळ्यांदेखत, टीव्ही कॅमेऱ्यांपुढे क्लॅम्प सैल केला. रबर उसळलं नाही. काही सेकंद ते दबलेलंच राहिलं. काम होतं सेकंदाच्या अंशाचं!

बहुतेक लेख इथे संपतात. पण दादाचं म्हणणं होतं की खरी गंमत याच्या पुढे आहे, आणि ते मला पटलं.

फाइनमन खरोखरच कोपरे धुंडाळत फिरले. त्यांना काय काय सापडलं बघा. एक. जोड गळतो का हे तपासायला दोन रिंगांच्या मध्ये हवा भरून टेस्ट करत. त्या हवेने पुट्टीत भोकं पडायची आणि पुढे आगीची धार त्याच भोकातून नेमकी रिंगवर यायची. म्हणजे सुरक्षेची टेस्टच सील खराब करत होती! दोन. वापरलेल्या तुकड्यांचा गोलपणा तपासायला तीन ठिकाणी व्यास मोजत. पण तीन व्यास सारखे आले म्हणजे आकार गोलच असतो असं नाही, हे भूमितीने लगेच दाखवता येतं. तीन. तुकडा गोल करायला समोरासमोरच्या दोन जागा दाबाव्या लागत आणि त्यासाठी कामगार कडेची भोकं मोजत बसत. मोजण्यात चूक व्हायची. कामगारांनीच सुचवलं होतं की नव्वद-नव्वद अंशांवर रंगाच्या चार खुणा करा. ते मान्य झालं नाही, कारण सगळे मॅन्युअल बदलावे लागले असते. रंगाच्या चार खुणा, मित्रांनो!

आणि चौथी गोष्ट सगळ्यात भयानक. आधीच्या उड्डाणांत रिंग जळाल्याचं, खरवडल्याचं दिसलं होतं. एकदा तर त्रिज्येच्या एक तृतीयांशपर्यंत. यावर अधिकाऱ्यांनी काय निष्कर्ष काढावा? की अजून दोन तृतीयांश शिल्लक आहे, म्हणजे सेफ्टी फॅक्टर तीन! फाइनमन चिडले. पुलाच्या तुळईला एक तृतीयांश भेग गेली तर पूल तिप्पट सुरक्षित नसतो, तो फेल झालेला असतो. कारण तिथे भेग अजिबात पडायला नको होती. रिंग जळण्यासाठी डिझाइन केलेलीच नव्हती. ती थोडी जळली पण निभावलं, याचा अर्थ एवढाच की तिथे काय चाललंय हे आपल्याला कळलेलं नाही. धोक्याचा अंदाजही तसाच. इंजिनिअर म्हणत शंभरात एक, वरचे साहेब म्हणत एक लाखात एक. एक लाखात एक म्हणजे रोज एक शटल उडवलं तरी जवळपास पावणेतीनशे वर्षांत एकच अपघात. हा आकडा आला कुठून?

त्यांनी आपलं म्हणणं कमिशनच्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलं. ते जसंच्या तसं छापलं जावं म्हणून त्यांना अहवालावरची सही मागे घेईन असं म्हणावं लागलं. पुढे जोडाचं डिझाइन बदललं, तिसरी ओ-रिंग आली, जिभेला जास्तीची पकड आली, जोड गरम ठेवायला हीटर आले. सप्टेंबर १९८८ मध्ये शटल पुन्हा उडालं. फाइनमन ते बघायला नव्हते. १५ फेब्रुवारी १९८८ ला, लॉस एंजेलिसमध्ये, ६९ व्या वर्षी ते वारले होते. आणि १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं, कल्पना चावला गेली, तेव्हा कारण फोमच्या तुकड्याचं निघालं. फोम त्याआधीही अनेकदा पडला होता आणि निभावलं होतं. तोच धडा, दुसऱ्यांदा.

आता दादाकडे परत. अमेरिकेत हौशी लोकांसाठी रीलोडेबल मोटर मिळतात. अॅल्युमिनियमची नळी आणि दोन्ही टोकांची झाकणं पुन्हा पुन्हा वापरायची. इंधनाच्या वड्या, त्याभोवतीचं लायनर, नोझल आणि ओ-रिंग दर उड्डाणाला नवीन, किटमधून. इंधनाची जात शटलच्या बूस्टरचीच, अमोनियम परक्लोरेटवालं. मोठ्या मोटरसाठी नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा ट्रायपोलीचं सर्टिफिकेट लागतं. थोडक्यात काय, टेबलावर मावणारा बूस्टर, आणि जोडणारा इंजिनिअर, कामगार, मॅनेजर सगळं आपणच!

व्हिडिओ कॉलवर त्याने मला जोडणी दाखवली. आधी वर्तमानपत्रावर सगळे भाग सूचनापत्राच्या क्रमाने मांडले. मागच्या उड्डाणाची काजळी खाचेतून पूर्ण काढलेली, पण धातूच्या टोचणीने नाही, कारण खाचेला ओरखडा पडला तर तीच गळतीची वाट. प्रत्येक रिंग दोन बोटांतून फिरवायची, हलकी ताणून उजेडात बघायची. चीर, खाच, कचरा, एक केस जरी दिसला तरी थांबायचं. किटमध्ये सांगितलेलंच ग्रीस, पातळ हाताने. ग्रीस फट बुजवायला नसतं, रिंग न फाटता सरकावी म्हणून असतं. रिंग आट्यांवरून नेताना कापली जाऊ शकते आणि खाचेत पिळून बसली तर एक बाजू सैल राहते, म्हणून बसवल्यावर सगळीकडून बघायचं. वड्यांच्या आणि लायनरच्या कडांची कुसं काढायची. लायनर नीट बसलं नाही तर आग रिंगपर्यंत पोहोचते, आणि रिंगचं काम गॅस अडवणं आहे, आग झेलणं नाही. चॅलेंजरच्या पुट्टीचीच गोष्ट. झाकण शेवटपर्यंत हाताने बसलं पाहिजे. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, उघडून कारण शोधायचं.

मी विचारलं, वापरलेली रिंग चांगली दिसत असेल तर? आणि तशाच मापाची दुकानातली चालेल का? दादा हसला. मागच्या वेळी टिकली म्हणून पुन्हा टिकेल, हाच तर सेफ्टी फॅक्टर तीन! एकदा तापून दबलेलं रबर तेच रबर राहत नाही. आणि माप सारखं असलं तरी मटेरियल वेगळं असू शकतं. पुढच्या झाकणाचं सील गेलं तर गरम गॅस पॅराशूटच्या दिशेने घुसतो, मागचं गेलं तर नळीच जळते. म्हणून लोक लांब उभे राहतात, आणि मोटर पेटवायचं बटण लांबून दाबतात.

(आपल्याकडे असं इंधन स्फोटकांच्या कायद्याखाली येतं. त्यामुळे हा लेख वाचून होस्टेलच्या गच्चीवर कोणी काही करू नये, रेक्टर सर मला शोधत येतील.)

पण रॉकेट नसलं तरी सील आपल्याभोवती आहेतच. मेसच्या कुकरची कडक झालेली गास्केट, बाईकच्या शॉकअपचं ऑइल सील, लॅबमधला थेंब थेंब गळणारा हायड्रॉलिक सिलिंडर. आपण काय करतो? खाली फडकं टाकतो आणि रीडिंग घेतो. थोडंसंच गळतंय ना, चालतंय की! हे चालतंय की सगळ्यात धोकादायक. कारण गळणारं सील काहीतरी सांगत असतं, आणि आपण त्याचं नाव पाठ करून मोकळे होतो.

फाइनमनसारखी बुद्धी आपल्याला मिळणार नाही. ती देवाघरची देणगी. पण त्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला नोबेल लागत नव्हतं. एक क्लॅम्प, बर्फाचं पाणी, आणि सगळे स्लाइड बघत असताना वस्तूकडे बघायची हिंमत. हे सेकंड इयरच्या मुलामुलींनाही जमण्यासारखं आहे. उद्या आपण कुठल्यातरी कंपनीत असू. कोणीतरी कामगार येऊन म्हणेल, मॅडम, इथे चार खुणा केल्या तर बरं होईल. तेव्हा मॅन्युअल बदलण्याचा कंटाळा करू नका. आणि रात्रीच्या मीटिंगमध्ये सगळे हो म्हणत असताना तुमच्या हातात खराब रिंग असेल, तर ती टेबलावर ठेवा. तिच्या पलीकडे माणसं बसलेली असतात.